वरिष्ठ सभागृहाचा एक दिवस, फोंड्यात: एका अभिरूप विधान परिषदेचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने विद्यार्थ्यांकडून महाराष्ट्र विधान परिषदेचं एक दिवसाचं कामकाज चालवून घेतलं, त्याचं हे प्रकरण. महाविद्यालयाचं आणि मुलांचं नाव इथे नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी निरीक्षक म्हणून पहिल्या बैठकीपासून होतो. पर्वरीच्या विधानसभा संकुलातल्या पत्रकार कक्षात बरीच वर्षं गेली आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशनही जवळून पाहिलं, एवढीच माझी पात्रता.

गोव्याला वरिष्ठ सभागृह नाही आणि कधी नव्हतं. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीव संघप्रदेशाची पहिली निवडणूक झाली ती तीस जागांसाठी. ३० मे १९८७ रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला आणि पुढे विधानसभा चाळीस जणांची झाली. आज देशात सहाच राज्यांत विधान परिषद आहे: महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा, उत्तर प्रदेश आणि बिहार. आपले दोन्ही शेजारी त्या यादीत आहेत. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाचं चिन्ह असलेलं फूल जिंकलं असतं, तर फोंड्याच्या शिक्षकांनीही परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत टाकलं असतं. तसं झालं नाही, त्यामुळे परिषद म्हणजे नेमकं काय करते हे आमच्या मुलांना बातम्यांपुरतंच ठाऊक.

‘मग आपल्याकडे का नाही?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे परिषदेची सदस्यसंख्या विधानसभेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असू नये, पण कोणत्याही परिस्थितीत चाळीसपेक्षा कमीही असू नये. गोव्याच्या विधानसभेचा एक तृतीयांश म्हणजे तेरा. म्हणजे इथे परिषद आणायची झाली, तर चाळीस आमदारांच्या डोक्यावर आणखी चाळीस जण बसवावे लागतील. वर्गात हशा पिकला, आणि तो विषय तिथेच मिटला.

अडचण

विभागाने याआधी दोनदा युवा संसद घेतली होती. दोन्ही वेळा ती वक्तृत्व स्पर्धा झाली. प्रत्येक जण पाठ केलेलं भाषण म्हणे, बाकावर थाप पडे, पुढचा उभा राही. मंत्र्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं, कारण त्याला कुणी नीट प्रश्न विचारतच नव्हतं. गोंधळही आधी लिहून ठेवलेला: ‘येथे विरोधक घोषणा देतात’, असं संहितेत कंसात.

विभागप्रमुख बाईंची तक्रार स्पष्ट होती. ‘सभागृहात माणसं भाषण करतात हे मुलांना कळलं. सभागृह काम करतं म्हणजे काय करतं, हे कळलेलं नाही.’ म्हणून या वेळी संहिता नको, फक्त कामकाजपत्रिका द्यायची, असं ठरलं. कोणत्या वेळी कोणता विषय येणार एवढं छापलेलं. पुढे काय होईल ते सभागृहावर. यातला धोका उघड होता. पाहुणे बसलेले, प्राचार्य पहिल्या रांगेत, आणि समोर काय घडेल याची खात्री कुणालाच नाही.

समोरचे पर्याय

तीन सभागृहांचा विचार झाला. गोवा विधानसभा मुलांच्या सर्वांत ओळखीची होती. पण तिथे कोकणी, मराठी आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात, आणि मराठी विभागाला हवी होती ती अथपासून इतिपर्यंत मराठी कामकाजाची भाषा. शिवाय पर्वरीचं नाव घेतलं की मुलं लगेच खऱ्या आमदारांच्या नकला करायला लागतात. राज्यसभा हिंदी-इंग्रजीची. उरली महाराष्ट्राची विधान परिषद. तिचं कामकाज मराठीत चालतं, तारांकित प्रश्नापासून तहकुबीपर्यंत प्रत्येक गोष्टीला रुळलेला मराठी शब्द आहे.

परिषदेविरुद्ध एक वजनदार आक्षेप इतिहासाच्या सरांनी घेतला: ‘तिथे सरकार पडत नाही. मग नाट्य कुठून आणणार?’ मला मात्र तोच मुद्दा परिषदेच्या बाजूचा वाटला. कलम १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार असतं ते विधानसभेला. परिषदेत अविश्वास ठराव येत नाही, अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होत नाही, धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं, फार तर चौदा दिवस ठेवता येतं. ज्या सभागृहाला सरकार पाडता येत नाही, त्याच्या हातात उरतात दोन गोष्टी: मंत्र्याला उभं करून उत्तर वदवून घेणं, आणि वेळ. परिषदेतली सगळी झटापट वेळेवरून असते. कुणाचा विषय आधी, कुणाचा शेवटी, कुणाचा उद्यावर. मुलांनी हे अनुभवलं तर बाकी आपोआप कळेल, असं माझं मत होतं, आणि बाईंनी ते उचलून धरलं.

तयारीतले निर्णय

परिषदेच्या जागा ७८. त्यांतल्या ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ जणांना राज्यपाल नेमतात, ते साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतून. आमच्याकडे मुलं सव्वीस, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा. भागाकार केला तर १०, ७, २, २, ४ असे पंचवीस होतात आणि एक जागा लोंबकळते. ती शिक्षक मतदारसंघाला द्यावी असं शिक्षकांच्या बैठकीत एकमताने ठरलं, यात नवल नाही.

प्रत्येकाला मतदारसंघाचा प्रकार वाटून दिला, हा निर्णय फळला. नगरपालिकांकडून निवडून आलेला सदस्य कचऱ्यावर विचारणार, शिक्षक मतदारसंघाचा वेतनेतर अनुदानावर, राज्यपालनियुक्त लेखिका ग्रंथालयांवर. प्रश्न आपसूक वेगवेगळे झाले. कोण कुणाच्या वतीने बोलतंय हे ठरल्यावर भाषणबाजी निम्म्याने कमी झाली.

पीठासीन अधिकाऱ्यांच्या बाबतीत एक घोळ आधीच मिटवला. गोव्यात विधानसभेच्या पीठासीन अधिकाऱ्याला सभापती म्हणतात. महाराष्ट्रात विधानसभेला अध्यक्ष आणि परिषदेला सभापती. आमच्यासाठी पाटी तीच राहिली, फक्त मुलांना ती कोणत्या सभागृहाची हे दोनदा सांगावं लागलं. सभापती झाली पेडण्याची एक विद्यार्थिनी, आवाज बारीक पण मान ताठ. तिच्याबरोबर उपसभापती आणि त्या दोघांच्या गैरहजेरीत खुर्ची सांभाळणारे तालिका सभापतीही नेमले. ही भरताड नव्हती. महाराष्ट्रात जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत परिषदेचं सभापतिपद रिकामं होतं आणि त्या काळात उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह चालवलं. खुर्चीवर माणूस बदलला तरी कामकाज अडत नाही, हे मुलांनी बघायला हवं होतं.

सर्वांत अवघड निर्णय सूचना स्वीकारण्याचा. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाने म्हादई नदीच्या पाणीवाटपावर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, दिली. त्याच्या दृष्टीने दुसरा विषयच नव्हता. घरामागून म्हादई वाहते. महाराष्ट्राच्या सभागृहातही विषय अप्रस्तुत नाही, कारण म्हादई पाणीतंटा लवादाच्या ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं आहे. पण त्या निवाड्याविरुद्धचे दावे सर्वोच्च न्यायालयात. न्यायप्रविष्ट बाबीवर सभागृहात चर्चा करायची नाही, हा सगळ्याच विधिमंडळांचा दंडक. सभापतींसमोर तीन वाटा होत्या. सूचना सरळ नाकारायची. न्यायालयासमोर नसलेल्या भागापुरती, म्हणजे नदीकाठच्या गावांच्या पाणीपुरवठ्यापुरती, ती छाटून घ्यायची. किंवा विषय बदलायला सांगायचं.

तिने नाकारली, आणि लेखी कारण दिलं. मुलगा चार दिवस तिच्याशी बोलला नाही. मग स्वतःच तिळारीवर नवी सूचना घेऊन आला. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प, धरण दोडामार्ग तालुक्यात. तिथला कालवा फुटला की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी घटतं आणि बार्देशात नळ कोरडे पडतात. महाराष्ट्राच्या मंत्र्याला महाराष्ट्रातल्या कालव्याबद्दल विचारायचं, आणि उत्तराची वाट गोव्याने पाहायची. म्हादईपेक्षा हा विषय सभागृहासाठी कितीतरी नेमका होता. तरी दुसरी वाट, छाटून घेण्याची, तिने तपासायला हवी होती असं मला तेव्हाही वाटलं. नकार सोपा असतो.

विधेयकाचाही एक फेरा झाला. मुलांनी सार्वजनिक ग्रंथालयांसाठीच्या विधेयकाचा मसुदा लिहिला, त्यात ग्रंथालय उपकर लावला आणि ते परिषदेतच मांडायचं ठरवलं. विधिमंडळ सचिवाची भूमिका करणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलीने घटना उघडून दाखवलं की कर लावणारं विधेयक परिषदेत मांडताच येत नाही, ते विधानसभेतच सुरू व्हावं लागतं. उपकर ठेवायचा तर विधेयक खालून, म्हणजे विधानसभेतून, आलेलं दाखवावं लागेल, आणि ते निव्वळ धन विधेयक ठरलं तर परिषदेला शिफारशींपलीकडे काही करता येणार नाही. उपकराचं कलम गळलं. ‘विधानसभेने संमत केलेलं विधेयक’ असा शिक्का मारून उरलेला मसुदा पत्रिकेवर आला.

रंगीत तालीम

तालीम एका शनिवारी झाली. एक तासाच्या प्रश्नोत्तरांना दीड तास लागला आणि तेवढ्यात तीनच प्रश्न झाले. विधेयक मात्र चार मिनिटांत संमत. ‘होयचे बहुमत आहे, होयचे बहुमत आहे, विधेयक संमत झाले.’ मुलं हसली. मी हसलो नाही, कारण खऱ्या सभागृहांतही दिवस उतरणीला लागला की विधेयकं अशीच निघतात.

एक मात्र तालमीतच छान जमलं. मंत्री झालेल्या मुलांना महाराष्ट्र विधिमंडळातल्या छापील प्रश्नोत्तरांचा साचा दाखवला होता. प्रश्न ‘हे खरे आहे काय?’ असा, आणि उत्तर ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘प्रश्न उद्भवत नाही’ वर तर सगळे मंत्री लट्टू झाले. मग विरोधकांना कळलं की छापील उत्तर हा दरवाजा आहे, आणि आत शिरायचं ते उपप्रश्नांनी. ‘अंशतः खरे आहे म्हणजे कोणता अंश?’ एका मुलीच्या या उपप्रश्नावर मंत्रिमहोदय कागद चाळत राहिले.

वेळेचं काय करायचं यावर दोन मतं पडली. प्रश्न कमी करायचे, की घंटा कडक करायची? घंटा कडक करायचं ठरलं. तास संपला की वाक्य अर्धं असलं तरी पुढचा विषय. न पुकारलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर. घंटा म्हणून विभागाच्या सरस्वतीपूजनातली पितळी घंटा आली.

त्या दिवशी

दहा वाजता सभापती आत आल्या, सभागृह उभं राहिलं, प्रश्नोत्तरं सुरू झाली. दुसराच प्रश्न कमी पटाच्या प्राथमिक शाळांचा होता. विषय महाराष्ट्राचा, पण गोव्यात गावची मराठी शाळा बंद होताना न पाहिलेलं मूल त्या सभागृहात क्वचित असेल. शिक्षणमंत्र्याने छापील उत्तर वाचलं. उपप्रश्नांची रांग लागली. शिक्षक मतदारसंघाच्या सदस्याने विचारलं, शाळा बंद झाल्यावर मुलांना जवळच्या शाळेत नेण्याची सोय कोणत्या महिन्यापासून करणार? मंत्री म्हणाला, ‘माहिती घेऊन सभागृहाला अवगत केले जाईल.’ महिना काही त्याने सांगितला नाही. घंटा झाली.

इथून दिवस पत्रिकेबाहेर गेला. विरोधी पक्षनेत्याने नियम २८९ अन्वये सूचना दिली: आजचं सर्व कामकाज बाजूला सारून शाळांच्या प्रश्नावर चर्चा घ्या. परिषदेच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा आकडा परिचित आहे. अधिवेशनात बहुतेक रोज कुणीतरी २८९ घेऊन उभा असतो आणि बहुतेक रोज ती नाकारली जाते. आमच्या सभापतींनीही नाकारली. प्रश्नावर उत्तर झालेलं आहे, तातडी दिसत नाही, बसून घ्या.

विरोधक बसले नाहीत. अकरा जण वेलमध्ये, म्हणजे सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले आणि फरशीवर मांडी घालून बसले. घोषणा लिहून दिलेल्या नव्हत्या, म्हणून सुरुवातीला प्रत्येक जण वेगळंच ओरडत होता; मग कुणीतरी ‘महिना सांगा, महिना सांगा’ असा ठेका धरला आणि सगळ्यांना सूर सापडला. सत्ताधारी बाकांवरून एक मुलगा उठून प्रत्युत्तर द्यायला लागला. सभापतींची शुद्ध मराठी तिथे संपली. ‘आदीं बस, मागीर उलय!’ (आधी बस, मग बोल!) सभागृह क्षणभर गप्प झालं, आणि मग पाहुण्यांसकट सगळे हसले. प्रतिवेदकाच्या टेबलावरच्या मुलीने ते जसंच्या तसं कोकणीत लिहून घेतलं.

दहा मिनिटांची तहकुबी झाली. परत आल्यावर तेच. पुन्हा दहा मिनिटं. घड्याळात पावणेबारा. प्राचार्य अस्वस्थ, बाई माझ्याकडे बघताहेत. हा दिवसाचा निर्णायक टप्पा होता. सभापतींपुढे कठोर उपाय होता: नावं घेऊन सदस्यांना दिवसभरासाठी निलंबित करायचं. सभागृह शांत झालं असतं आणि विधेयक बिनविरोध निघालं असतं. दुसरा उपाय दिवसभरासाठी तहकुबी, म्हणजे कार्यक्रमच संपला. तिसरा, गटनेत्यांना दालनात बोलावणं.

तिने दुसऱ्या तहकुबीत दोन्ही गटनेत्यांना दालनात, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. तिथला संवाद मी ऐकला. विरोधी पक्षनेता म्हणाला, ‘मॅडम, मला चर्चा नको, मला महिना हवा.’ सभागृह नेता म्हणाला, महिना आत्ता दिला तर ती घोषणा होते, विभागाशी बोलावं लागेल. ‘विभाग’ म्हणजे शेजारी उभी असलेली एम.ए.ची दोन मुलं. घासाघीस झाली ती वेळेची. ठरलं असं: २८९ चा आग्रह सुटेल, त्याबदल्यात शाळांच्या प्रश्नावर अर्धा तास चर्चा आजच, दिवसाच्या शेवटी, मंत्री तेव्हा तारीख घेऊन येईल, आणि विरोधकांची तिळारीची लक्षवेधी पत्रिकेत चौथी होती ती पहिली घेतली जाईल. पाच-सात मिनिटांत तोडगा. माझ्या मते त्या दिवसाचं सगळं शिक्षण त्या खोलीत झालं, आणि ते बघायला पाहुण्यांपैकी कुणी नव्हतं.

तिळारी चांगली रंगली. सत्तरीच्या मुलाने कालव्याच्या अस्तरीकरणावर तीन उपप्रश्न विचारले, तिसऱ्यावर मंत्र्याने पाहणीचं आश्वासन दिलं. ‘आश्वासन नोंदवून घ्यावे’, एवढं म्हणून तो खाली बसला. आश्वासनाचा पाठपुरावा करणारी समिती विधिमंडळात असते, हे त्याने तालमीच्या वेळी विचारून ठेवलं होतं. विशेष उल्लेख दहा मिनिटांत उरकले.

विधेयकाचा विचार सुरू झाला तेव्हा सव्वा वाजला होता. कँटीनमधली पातळभाजी दीडच्या सुमारास संपते, हे त्या महाविद्यालयात सर्वांना माहीत असतं. सत्ताधारी बाकं हळूहळू विरळ व्हायला लागली. विरोधकांतल्या कुणीतरी डोकी मोजली आणि गणपूर्तीचा मुद्दा काढला. गणपूर्ती म्हणजे एक दशांश सदस्य किंवा दहा, यांत जी संख्या मोठी ती. सभागृहात नऊ होते. घंटा वाजत राहिली. पितळी घंटेचा आवाज कँटीनपर्यंत जाईना, म्हणून शिपाईमामांनी तास बदलण्याची विजेची घंटा दाबली, आणि भलत्याच वर्गांतली मुलं बाहेर पडली.

चौदा जण परतले: आठ विरोधी, सहा सत्ताधारी. मंत्र्याने विधेयकाचा खंडशः, म्हणजे एकेक कलम घेऊन, विचार चालू ठेवण्याचा आग्रह धरला. थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याने बाकांकडे पाहिलंच नाही. खंड ३ ला विरोधकांची दुरुस्ती होती: अनुदानाचा हप्ता आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत द्यावा. सभापतींनी दुरुस्ती मताला टाकली. ‘नाहीचे बहुमत आहे’, असं त्या सवयीने म्हणून गेल्या. विरोधकांनी मत विभागणी, म्हणजे डोकी मोजून मतदान, मागितली. आठ विरुद्ध सहा. दुरुस्ती संमत.

‘सरकार पडलं!’ असा आरडाओरडा झाला. सचिवांच्या टेबलावरून चिठ्ठी गेली आणि सभापतींनी ती वाचून दाखवली: सरकार पडलेलं नाही, विधेयक दुरुस्तीसह संमत झालं, ते विधानसभेकडे परत जाईल. विधानसभेने दुरुस्ती फेटाळून ते पुन्हा पाठवलं, तर परिषद फार तर महिनाभर अडवू शकते. राज्यात संसदेसारखी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक नसते. शेवटचा शब्द विधानसभेचा. विरोधी बाकांवरचा जल्लोष ओसरला. ‘मग जिंकून मिळवलं काय?’, असं एका मुलीने शेजारणीला विचारलेलं मला ऐकू आलं.

तिचं उत्तर संध्याकाळी मिळालं. अर्धा तास चर्चेत शिक्षणमंत्र्याने कागदावरून वाचलं: वाहतुकीची सोय जूनपासून. सकाळी जो माणूस ‘अवगत केले जाईल’ म्हणत होता, त्याला त्याच दिवशी महिना सांगावा लागला. विरोधी पक्षनेत्याने आभार मानले आणि सभागृह तहकूब झालं.

निष्पत्ती

कामकाजाचं लेखी वृत्त प्रतिवेदकांनी दोन आठवड्यांत तयार केलं, वर ‘असुधारित प्रत’ असा शिक्का मारून. त्यात एका सदस्याचा दुसऱ्याला उद्देशून गेलेला शब्द सभापतींच्या आदेशाने काढून टाकलेला होता. पण कुणीतरी मोबाइलवर टिपलेली ती चित्रफीत तोपर्यंत महाविद्यालयाच्या गटांत फिरली होती. बाईंनी ती काढायला लावली. अभिरूप सभागृहाला विशेषाधिकार नसतो, तेव्हा ही विनंतीच होती. पण निमित्ताने पत्रकारितेच्या वर्गात ‘सर्चलाइट’ प्रकरण शिकवलं गेलं: पाटण्याच्या त्या दैनिकाने बिहार विधानसभेच्या कामकाजातून वगळलेला मजकूर छापला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सभागृहाचा विशेषाधिकार मान्य केला. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने सभागृहाच्या कामकाजाचं मूलतः खरं वृत्त छापणाऱ्याला कलम ३६१ क चं संरक्षण मिळालं, ते वृत्तात द्वेषबुद्धी नसेल तर.

मुलांच्या बाजूने बघितलं तर फरक दिसला. अभिप्रायांत भाषणाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. घड्याळाबद्दल, चिठ्ठ्यांबद्दल, दालनातल्या बैठकीबद्दल लिहिलं. पाहुण्यांची मात्र निराशा झाली. दोन तहकुब्या, रिकामी बाकं, लांबलेलं जेवण. ‘नियोजन ढिसाळ होतं’, असं एका पालकाने तोंडावर सांगितलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दालनातली चर्चा दिसायला हवी होती. खऱ्या सभागृहात ती बंद दाराआड होते हे खरं, पण हा शिकण्याचा दिवस होता. एक मुलगा नंतर सभागृहात उभा राहून तडजोडीचं निवेदन करू शकला असता. महाराष्ट्रात कामकाज सल्लागार समिती असते, तिची एक बैठक आदल्या दिवशी घेतली असती, तर शाळांचा विषय किती तापलेला आहे हे आधीच कळलं असतं आणि अर्धा तास चर्चा पत्रिकेतच छापून आली असती. सभापतींचा पहिला नकार नियमाला धरून होता, पण नकारासोबत ‘हा विषय आज दुसऱ्या मार्गाने घेऊ’ एवढं वाक्य जोडलं असतं तर वेलमधला अर्धा तास वाचला असता. अनुभवी पीठासीन अधिकारी हे वाक्य खिशात ठेवूनच खुर्चीवर बसतात.

प्रतोद नेमलेच नव्हते. सत्ताधाऱ्यांची हार पातळभाजीमुळे झाली असं सगळे गमतीने म्हणतात. पण आपली माणसं बाकांवर आहेत की नाहीत हे बघणं हे एका माणसाचं पूर्णवेळ काम आहे, आणि ते कुणाकडेच नव्हतं. याउलट, हरण्याचा प्रसंग टळला असता तर परिषदेच्या पराभवाने सरकारचं काही बिघडत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं असतं का? मी स्वतः प्रतोद नेमायला सांगेन, आणि ते गाफील राहावेत अशी आशा करीन.

सचिवांच्या टेबलावर एकच तयारीची मुलगी होती. तिच्या चिठ्ठ्यांवर अख्खा दिवस तरला. तिला जेवायला उठता आलं नाही, कारण तिच्या जागी बसणारं कुणी नव्हतं. तालिका सभापती तीन नेमले, पण टेबलावर दुसरा माणूस नेमायचं राहिलं.

आणि विधेयक? ते दुरुस्तीसह परत गेलं, पण परत घ्यायला विधानसभाच नव्हती. पुढच्या वर्षी दोन सभागृहं एकाच दिवशी दोन दालनांत बसवायची, निरोप घेऊन शिपाईमामांनी ये-जा करायची, असा बाईंचा बेत आहे. सत्तरीच्या मुलाने सभापतींना म्हादईची सूचना नव्याने लिहून दिली आहे, या वेळी फक्त नदीकाठच्या गावांच्या नळांपुरती. ती दोघं सध्या बसून तिचा दुसरा परिच्छेद दुरुस्त करताहेत.